कमानीखालची वीणा

वाळूची चिमूट पुन्हा वीणेच्या भोपळ्यावर पडली, तेव्हा रामहरीबुवांनी भजन न थांबवता मान वर केली. कमानीच्या माथ्यावर सिमेंटचे दोन सिंह बसवलेले होते. डाव्या सिंहाच्या पायाखाली सकाळी केसाएवढी दिसलेली भेग आता बोटभर रुंद झाली होती.

इंदापुरात शिरणाऱ्या रस्त्यावर ही कमान मानसिंगरावांनी वडिलांच्या नावानं उभी केली होती. उद्या उद्घाटन, तोवर रस्ता बंद आणि कमानीखाली हरिनाम सप्ताह. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून बायाबापड्या, लेकरं खांबांना टेकून सावलीत बसलेली. बुवांची नात छकुली डाव्या खांबाशीच झोपली होती.

मानसिंगराव पाया पडायला वाकले, तसे बुवा हळूच म्हणाले,

"वर बघा. वाळू गळतीया. माणसं उठवा हितनं."

"नवं काम हाय बुवा, थोडं झडायचंच." मानसिंगराव मोठ्यानं हसले. "आन् कालच्या कीर्तनात तुमीच म्हणलात न्हवं, नाम चाललंय तितं भ्या न्हाय?"

टाळकरीही हसले. बुवांनी मान खाली घातली. म्हटलं होतं खरं, डोळ्यांत पाणी आणून म्हटलं होतं.

सप्ताह संपेपर्यंत वीणा जमिनीला लागत नाही. उभ्या माणसानं ती उभ्याच्या गळ्यात घालायची. पाळी बदलायला बुवांचा मुलगा सुयोग पुढं आला.

"तात्या, द्या. पाय भरून आलं असतील."

त्यानं मान वाकवली. त्याच्या केसांवर वाळू सांडली. बुवांचा वीणेच्या पट्ट्याकडं गेलेला हात तिथंच थांबला. मग ते वळले आणि अभंग म्हणत उन्हात चालू लागले.

वीणा निघाली म्हणजे दिंडी निघाली. टाळकरी गोंधळून मागं आले, मृदंग आला, साखरबाईंनी तुळस डोक्यावर घेतली.

"भर उन्हाचं ह्ये काय काढलं बुवानं?"

"डोस्क्याला ऊन चढलंय त्यांच्या."

सुयोगनं छकुलीला खांद्यावर टाकलं. बाभळीपाशी बुवा थांबले, वळून सगळी आली का ते पाहिलं. कमानीखाली एकटे मानसिंगराव उरले होते, खांबाला टेकून.

"झालं समाधान?" त्यांनी हाक दिली. "या आता माघारी."

"भेग पडलीया वर," बुवा म्हणाले. सगळ्यांनी पाहिलं. लांबून, उन्हात कमान नुसती पांढरीशुभ्र दिसत होती.

"पाय भाजत्यात, बुवा," साखरबाई म्हणाल्या. "चला की सावलीला."

दोघीतिघी वळल्याही. सुयोगनं हात पुढं केला.

"तात्या, द्या. मी नेतो माघारी."

बुवांनी वीणा गळ्यातून काढली, कपाळाला लावली. मग गुडघे टेकून तापल्या फुफाट्यात खाली ठेवली.

टाळ बंद पडले. वळलेल्या बाया जागीच थिजल्या. बुवांनी वर पाहिलंच नाही; त्यांचा हात वीणेच्या तारांवर तसाच राहिला होता.

"बुवा, सप्ताह मोडला की!" ओरडत मानसिंगराव वीणा उचलायला पळत आले. बाभळीपाशी पोचले आणि थबकले.

मागं कमानीखाली वाळूखड्यांची धार लागली होती. टाळ थांबल्यामुळं तिचा आवाज आता सगळ्यांनाच येत होता.