पेटीसकट वीस किलो

अव्वा, म्हणजे आई, लंडनला निघाली म्हटल्यावर घरात सगळ्यात जास्त काम गुरम्माला लागलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते हवंच होतं! नववीत इंग्रजीत वर्गात पहिली आली होती ती. मग विमान कंपनीचा इंग्रजी कागद घरात दुसरं कोण वाचणार? वहीचं कोरं पान फाडून तिनं तो अव्वासाठी मराठीत उतरवायला घेतला. पासपोर्ट आणि देवी-कॉलऱ्याच्या टोचणीचं पिवळं कार्ड पेटीत टाकायचं नाही, जवळच्या पर्समध्ये ठेवायचं. पत्ता पेटीच्या बाहेरही लिहायचा आणि आतही. पायमोजे न्यायचे.

“मे म्हैन्यात मोजे?” अव्वा हसून हसून भिंतीला टेकली. सोलापुरात तेव्हा फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता.

थोरली लेक महानंदाक्का लग्न होऊन लंडनला गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. आता तिचं पहिलं बाळंतपण. अव्वानं डिंकाचे लाडू, शेंगा, शेंगाचटणी, कडक भाकऱ्या असं सगळं बांधलं होतं, पण तिचा जीव अडकला होता तो कौदीत. कौदी म्हणजे जुन्या इरकली लुगड्यांची जाड गोधडी. दोन लुगडी आईची, दोन सासूची, एक स्वतःच्या लग्नातलं. चांगली तीन किलोची! अक्का नि गुरम्मा दोघींना पहिल्या दिवशी हिच्यातच गुंडाळलं होतं. नातवंडाचंही तसंच व्हायला हवं, एवढंच अव्वाचं मागणं. बाकी लंडन तिला बघायला मिळो ना मिळो.

सामान वीस किलोच न्यायचं होतं. पण अप्पांची मार्केटात शेंगांची अडत. वजनाची काळजी त्यांच्या घरात कुणी करायची? सकाळी त्यांनी दुकानातल्या काट्यावर पेटी ठेवून छाती फुगवून सांगितलं होतं, “वीस! एक शेंग कमी न्हाई की जास्ती न्हाई.”

आणि दुपारी कागदाच्या शेवटच्या ओळीवर गुरम्माची पेन्सिल थांबली. वजन पेटीसकट धरलं जाईल, असं तिथं स्पष्ट छापलं होतं. ती तशीच उन्हात दुकानाकडे पळाली.

“अप्पा, वीस किलो पेटी धरून का सोडून?”

“सोडून की! बारदान कोण धरतंय?” अप्पा गादीवरून न उठता म्हणाले. पोत्याचं वजन म्हणजे बारदान, ते वजा करूनच मालाचं वजन सांगायचं. “काट्यावर हयात गेली माझी. तू शिकवणार व्हय मला?”

“विमानवाले धरतात. कागदात आहे!”

“कागद चुकीचा असंल. पोत्याचे पैसे कुणी देत न्हाई, एवढं लंडनवाल्यांनाबी कळतंय.”

तेवढ्यात हमाल रेवणप्पा पाठीवर पोतं घेऊन आत आला.

“अप्पा, ते माल विकत घेत नाहीत हो, नुसता उचलतात! रेवणप्पा पोतं उचलतात, तेव्हा बारदान घरी ठेवून येतात का?”

रेवणप्पानं पोतं धपकन टाकलं आणि तो खो खो हसायला लागला. “खरं हाय की, मालक! माझ्या पाठीला बारदानबी लागतंयच.”

अप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. रिकामी पेटी सात किलोची होती, पत्र्याची, नवीकोरी. तिच्यावर त्यांनी लाल रंगात अव्वाचं नाव रंगवून घेतलं होतं. म्हणजे एकूण झाले सत्तावीस!

“मग कौदी काढा,” घरी आल्या आल्या अप्पांनी निकाल दिला. “तितं ब्लँकेटं मिळत्यात.”

“शेंगाबी मिळत असतील,” अव्वा म्हणाली.

“माझ्या शेंगा? मंद्रूपच्या मालासारख्या?”

अव्वानं कौदी पेटीतून काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत बसली. अक्काचं बाळ परक्या ब्लँकेटात? छे! गुरम्मानं कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला, शब्दाशब्दावर बोट ठेवून. अडलेल्या शब्दासाठी डिक्शनरी. आणि मागच्या बाजूला, अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत—

“अव्वा! छत्री, कोट आणि एक ब्लँकेट हातात घेतलं तर वजनात धरत नाहीत!”

“कौदी म्हंजे ब्लँकेट व्हय?” अव्वानं श्वास रोखून विचारलं.

“मग काय पापड आहे का?”

सत्तावीसातून तीन गेले. उरलेल्या चारांसाठी शेजारच्या सुंदरम्माकाकूंनी रेक्झीनची बॅग दिली, दोनच किलोची. पेटी घरी राहणार हे ऐकून अप्पांचं तोंड एवढंसं झालं. “नाव रंगवलंय गं तिच्यावर,” ते म्हणाले, पण अव्वाच्या मांडीकडे बघून त्यांनी स्वतःच सामान बॅगेत भरायला घेतलं. एकोणीस भरलं, तशी एक किलो शेंगा आणखी घातल्या. लेकीचे लाड, दुसरं काय!

मुंबईला तिघंही गेली. सांताक्रूझला उकाडा असा की बायका पदरानं वारा घेत होत्या, आणि त्यात अव्वा कौदी अंगभर लपेटून उभी, घामानं चिंब.

“अगं, हातात घेतली तरी चालते,” गुरम्मा कुजबुजली.

“पांघरल्याबिगर त्यास्नी ब्लँकेट हाय म्हून कसं पटंल?”

काउंटरवरच्या माणसानं बॅग तोलली. काटा विसावर थांबला. मग त्यानं मान वर करून अव्वाकडे बघितलं. अप्पांनी गुरम्माचा दंड घट्ट धरला.

“आजी, थंडी वाजतेय का?”

“न्हाई. नातवंडाची हाय.”

तो हसला आणि त्यानं तिकिटावर शिक्का मारला. अव्वा पुढं चालायला लागली. दारापाशी वळून हात करायचं ठरलं होतं, पण कौदीचं टोक जमिनीला लागलं, ते उचलून झटकण्याच्या नादात ती वळायचंच विसरली आणि झपाझपा आत गेली.