उभ्या सतरामधला कोबी

'तीन बगळे' या पबमध्ये, शेकोटीजवळच्या टेबलावर, दर गुरुवारी दुपारी आम्ही वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतो. सोडवतो म्हणजे आधी उत्तर शोधतो आणि मग तेच उत्तर का, यावर भांडतो. उत्तर काय, कुणालाही येतं. पबचा मालक क्लेमसुद्धा ग्लास पुसता पुसता एखादं फेकून जातो. पण उलगडा केल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, हा आमच्या टेबलाचा नियम. आणि पेन ॲम्ब्रोज टिकनरच्या हातात राहील, हा त्याहून मोठा नियम.

ॲम्ब्रोज निवृत्त वकील. "मला माहीत नाही" हे शब्द त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेले नव्हते. त्याच्या बायकोनेही शेवटपर्यंत ऐकले नाहीत, आणि बाई आशावादी होती.

इथे एक खुलासा. कोड्यांचं भाषांतर होत नाही. म्हणून मूळ इंग्रजी कोड्यांच्या जागी मी त्याच जातीची, आपल्या परसात उगवलेली कोडी लावली आहेत. ॲम्ब्रोजला हे कळवलेलं नाही. कळवलं तर तो त्याचाही उलगडा करील.

तर त्या गुरुवारी डिलिस प्रोबर्टने सुरुवात केली. डिलिस म्हणजे आमच्या गुरांच्या डॉक्टरची विधवा. सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, पहिला घोट घेतल्याशिवाय तिचं डोकं चालत नाही आणि तिसऱ्यानंतर थांबत नाही.

"आडवं एक," ती म्हणाली. "'एका सवतीच्या पोटात बसलेला संथ गडी', तीन घरं. कासव!"

"उलगडा?" ॲम्ब्रोजने पेन वर धरलं.

"'एका सवती', हे सलग वाच. ए, का, स, व, ती. पोटात बघ काय आहे. का-स-व. पुढचं 'संथ गडी' म्हणजे त्याचा अर्थ. लिही आता, मुहूर्त बघतोस का?"

ॲम्ब्रोजने लिहिलं. ज्यांना हा नाद नाही त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की या कोड्याच्या प्रत्येक ओळीत एका टोकाला खरा अर्थ असतो आणि उरलेली ओळ तेच उत्तर दुसऱ्या वाटेने देते. मधल्या मधे ती तुम्हाला फसवत असते. शेवटी कंसात घरांचा आकडा असतो. ओळीत तेवढीच एक गोष्ट सरळ.

"उभं दोन," मी म्हणालो. "'नवीन राजाचं डोकं घरी येऊन विचारतं, जेवायला काय?' तीन घरं. नवरा. नवीन म्हणजे नव, राजाचं डोकं म्हणजे रा."

"आणि घरी येऊन विचारतो कोण, ते मला नको सांगूस," डिलिस म्हणाली.

एवढ्यात दारातून एक उंच बाई आत आली. हातात छत्री, बगलेत आमचंच वर्तमानपत्र. ती सरळ टेबलाशी येऊन उभी राहिली आणि चौथ्या, रिकाम्या खुर्चीकडे बघू लागली. खुर्ची रेजीची. रेजी गेल्या वर्षी मुलीकडे न्यूझीलंडला गेला, आणि तेव्हापासून आम्ही त्या खुर्चीवर कोट टाकतो.

"मी हेस्टर लव्हिबाँड," ती म्हणाली. "वरच्या आळीत राहायला आलेय. इथे शब्दकोडं सोडवतात असं ऐकलं. खुर्ची मोकळी आहे का?"

"कोट आहेत," ॲम्ब्रोज म्हणाला.

"अरे, बसू दे की त्यांना," डिलिसने कोट उचलून माझ्या मांडीवर टाकले. "बसा हो बाई. एकट्या सोडवता?"

"आता एकटीच." हेस्टरने छत्री खुर्चीला अडकवली. "माझी बहीण विनिफ्रेड आणि मी. रोज सकाळी फोनवर. अर्धी मी, अर्धी ती, आणि मग एकमेकींना समजावून सांगायचं. मार्चमध्ये ती गेली. उत्तरं अजून येतात मला, नाही असं नाही. पण उलगडा सांगायचा कुणाला? मांजराला सांगून पाहिलं. ते उठून गेलं."

कुणी हसलं नाही. क्लेमने न मागता तिच्यापुढे सायडर ठेवला. हे त्याने यापूर्वी फक्त एकदा, एका लग्नात केलं होतं.

"आमची एक रीत आहे," ॲम्ब्रोज घसा साफ करत म्हणाला. "शेवटचं उरलेलं कोडं नव्या माणसाचं. त्याचा उलगडा केला तर खुर्ची तुमची. नाही तर कोटांची."

"रास्त आहे," हेस्टर म्हणाली. "मीही परीक्षा घ्यायचेच. गाडी चालवण्याच्या. सगळ्या जिल्ह्याला नापास केलंय मी."

ॲम्ब्रोजने पेनाचं टोपण उगाचच लावलं आणि पुन्हा काढलं.

बाकीची उत्तरं भराभर आली. उरलं उभं सतरा. चार घरं, दुसऱ्या आणि चौथ्या घरात आडव्या शब्दांमुळे आधीच 'टी' येऊन बसलेली. ॲम्ब्रोजने ओळ मोठ्याने वाचली.

"'कोबी खाली घ्या, जागा पुरत नाही.'"

हेस्टरने आपल्या अंकात बोट ठेवून ती ओळ वाचली. परत वाचली. मग चष्मा काढला.

"हे कोडं नाही," ती म्हणाली.

टेबलावर अशी शांतता पसरली, जशी चर्चमध्ये कुणी पाद्रीबाबांना वेळ विचारली तर पसरेल.

"म्हणजे?"

"शेवटी आकडा नाही बघा. बाकी प्रत्येक ओळीला आहे. आणि खरं सांगू? ही ओळ काही लपवत नाहीये. कोड्याची ओळ कशी, खिशात हात घालून उभी असते. हिला खरोखरच कोबी खाली हवाय. छपाईत चूक झालीये. याचा उलगडा नाही."

"उलगडा नाही!" ॲम्ब्रोज म्हणाला. कोर्टात तो 'खून!' हा शब्द असाच उच्चारायचा म्हणे. "अहो बाई, आकडा गाळला हीच तर रचनाकाराची हुशारी! आता ऐका." तो उभा राहिला. "कोबी म्हणजे काय? पानांची दाटी. बरोबर? कोबी खाली घ्यायचा तर काय लागतं? वाटी. आता ओळ काय म्हणते? खाली घ्या! आपला शब्द उभा आहे. म्हणजे वर दाटी, तिच्याखाली वाटी. दाटीवाटी! चार घरं! दोन्ही 'टी' आपापल्या जागी! आणि अर्थ? 'जागा पुरत नाही'!"

मी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. क्लेम बारमागून म्हणाला, "हे तर मलाही कळलं, साहेब!" ॲम्ब्रोजने 'दाटीवाटी' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

हेस्टर त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"आता ओळखलं मी तुम्हाला," ती म्हणाली. "तरुण होता तेव्हा. तुम्ही माझ्या शेजारी बसून एकेरी रस्त्यात उलटे शिरला होता. मग गाडी कडेला लावून, ते का बरोबर होतं हे मला समजावलंत. समोर दुधाचा ट्रक हॉर्न वाजवत होता. उलगडा तेव्हाही सुंदर होता."

"ॲम्ब्रोज!" डिलिस ओरडली. "तू तर म्हणायचास, तुला गाडी चालवायला आवडत नाही म्हणून शिकला नाहीस!"

ॲम्ब्रोजचा चेहरा बिटासारखा झाला. "विषय कोड्याचा आहे," तो म्हणाला. "उलगडा आहे, आणि बाईंना तो करता आला नाही. या टेबलावर 'नाही' म्हणणाऱ्याला खुर्ची नाही."

"तुमचं टेबल, तुमचा नियम," हेस्टर म्हणाली. तिने सायडर पूर्ण संपवला, छत्री घेतली, आणि जाता जाता कोट उचलून पुन्हा त्या खुर्चीवर नीट घडी करून ठेवले. डिलिस त्यानंतर ॲम्ब्रोजशी बोलली नाही. सायडरशीही फारशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंडं सोलत होतो तेव्हा फोन वाजला.

"आजचं पान बघितलंस?" ॲम्ब्रोज.

बघितलं. कोड्याखाली बारीक अक्षरात दिलगिरी होती. काल उभ्या सतराच्या जागी, पान लावणाऱ्या सहकाऱ्याने बागकामाच्या सदरासाठी लिहिलेला निरोप चुकून छापला गेला. मूळ ओळ अशी: 'शर्तींनंतर नदीकाठी चुरस (४)'.

"अटी, मग तटी," मी म्हणालो. "अटीतटी. दोन्ही 'टी' त्याच घरांत. ॲम्ब्रोज, तू एका कोबीचा उलगडा केलास."

पलीकडे वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "गाडी काढ."

वरच्या आळीत हेस्टरचं घर शोधायला वेळ लागला नाही. तिची गाडी फुटपाथला इतकी समांतर उभी होती की आजूबाजूच्या गाड्या ओशाळल्या होत्या. तिने दार उघडलं. आत टेबलावर आजचं वर्तमानपत्र, एक कप आणि फोन. फोन मात्र हाताशी येईल असा ठेवलेला.

ॲम्ब्रोजने हॅट काढली. "बाई, कालच्या प्रकाराला तीन बाजू आहेत. पहिली अशी, की उपलब्ध पुराव्यावरून—"

"इंजिन बंद करा," हेस्टर म्हणाली.

त्याने बंद केलं. दोघं तसेच उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभे. मग ॲम्ब्रोजची नजर टेबलावरच्या कोड्यावर गेली. पूर्ण भरलेलं होतं, शाईने. तो आत गेला, वाकला, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"आडवं नऊ," तो म्हणाला. "'हाच उलटा करून इंग्रज दिवसभर पितात', दोन घरं. तुम्ही 'चहा' लिहिलंय."

"हो."

"कसं काय?"

हेस्टरने भुवया उंचावल्या. "तुम्ही विचारताय?"

ॲम्ब्रोजने श्वास घेतला. मी त्याला शवपेटी खांद्यावर घेताना पाहिलं आहे. तेव्हाही त्याने इतका मोठा श्वास घेतला नव्हता.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

आडवं नऊ क्लेमच्या कुत्र्यालाही आलं असतं. हेस्टरने त्याच्याकडे तसं पाहिलं, जसं आरशात मागची गाडी पाहतात. मग ती हळूच खुर्चीवर बसली आणि पेन हातात घेतलं.

"असं बघा," ती म्हणाली. "'हाच'. हा, मग च. आता उलटं करा. आधी च—"

"सावकाश सांगा," ॲम्ब्रोज म्हणाला आणि तिच्यासमोर बसला.

तिने सावकाश सांगितलं. मग आडवं दहा सांगितलं. मग उभं चार, ज्यात तिला विनिफ्रेडची एक जुनी चूक आठवली आणि ती मोठ्याने हसली. ॲम्ब्रोज मान डोलवत राहिला, आणि फक्त एकदाच म्हणाला, "आणखी एक शक्यता अशीही—" पण लगेच थांबला.

"पास," हेस्टर म्हणाली, आणि आणखी दोन कप आणायला उठली.

"गुरुवारी दोन वाजता," ॲम्ब्रोज तिच्या पाठीला म्हणाला. "कोट डिलिस उचलेल. आणि तुम्ही म्हणाल तर 'दाटीवाटी' खोडून टाकतो."

"खबरदार," आतून आवाज आला. "चूक आहे, पण नीट उभी केलीये."

परतताना गाडीत तो खिडकीबाहेर बघत शीळ घालत होता. मला राहवेना.

"खरं सांग ॲम्ब्रोज. आडवं नऊ खरंच येत नव्हतं तुला?"

तो मजेत गालातल्या गालात हसला. आता त्याला चव लागली होती.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.