विटेपर्यंतची नाली

नाकाले रुमाल लावा अन् असे जवळ सरकून बसा. एका बादलीची गोष्ट सांगतो. वास येईल, पण मधातून उठायचं नाही.

त्या सकाळी महामायानं कॉलेजच्या प्रयोगशाळेमागच्या निळ्या बादलीचं झाकण उचललं अन् तसंच खाली आपटलं. असा भपकारा आला! शिळं मटण, भिजलेलं पोतं अन् लेकराची ओकारी एकात कालवल्यावानी. राखी ओढणी तोंडावर घेऊन लांब उभी होती. गोविंदा भिंतीकडं पाहून राह्यला होता. अविनाशची मान मोबाइलमधून वर निघेना.

"काल कोणाची पाळी होती?" महामायानं ईचारलं.

पाळी लावलीच कोणी होती?

बादलीत काय होतं, ते आधी सांगतो. हे चौघं पोट्टे मिळून एक प्रोजेक्ट करून राह्यले होते, पुण्याच्या स्पर्धेसाठी. डोळ्याले न दिसणारे जंतू घ्यायचे, त्याईच्या आत बाहेरचं एक जनुक बसवायचं, आपण सदऱ्याले ठिगळ लावतो तसं. मंग बोअरच्या पाण्यात खताचं इख उतरलेलं असंल त ते जंतू लाल होतात. पाणी खराब आहे हे गावातल्या कोणालेही नुसतं पाहून समजते.

महामाया नांदुऱ्याकडची. तिच्या मावशीच्या गावचं बोअर असंच वाया गेलं होतं, म्हणून तिचा जीव ह्या कामात अडकला होता. ठिगळ बसेना. बसलं का निघे. बाकीचे घरी जात, ही तिथंच. शेवटी एक दिवस काचेच्या बशीत लाल ठिपके उमटले, अंगाले डास चावल्यावर उठतात तसे. तिनं ती बशी दोन्ही हातानं धरली अन् कितीक वेळ खालीच ठेवली नाही.

पण वापरलेल्या बशा त्या बादलीत पडून सडतात. अन् सडल्या तरी आतले जंतू जितेच असतात. त्याईले वाफेच्या मोठ्या कुकरात उकडून मारा लागते, मंगच फेका लागते. उकडताना वास दुप्पट. ते काम कोणाले पाह्यजे?

गावंडे सर ह्या पोट्ट्याईचे मार्गदर्शक. पहिल्याच दिवशी त्याईनं कामं वाटली होती. अविनाश संस्थेच्या अध्यक्षाचा पुतण्या, त्याले नेतृत्व. राखीले पोस्टर. गोविंदाले गावोगावचं पाणी आणणं. महामायाले जनुकाचं किचकट काम. अन् वरून सर म्हणे, "बशाचंही महामाया पाहून घेईल. तुले त सवय असंल."

"कायची सवय, सर?"

सरनं चष्मा काढला अन् पुसला. चष्मा साफच होता.

आता तिचा बाप प्रेमानंद रेल्वेच्या तिकीट खिडकीवर बसणारा माणूस. माय शाळेत शिकवते. घरात कोणाले कसली सवय नव्हती. पण सरच्या मनात ती सवय तिच्या नावासंग, जातीसंगच कॉलेजात भरती झाली होती. महामाया म्हणाली, "जनुकाचं काम करीन. बादली चौघांची."

"बरं बरं," सर म्हणे.

अन् बादली भरत राह्यली. महामाया आपल्या वाट्याच्या बशा उकडे. बाकीच्या तशाच पडून राहत. मंग एक दिवस ती मागं गेली त बादली रिकामी. धुऊन उलटी घातलेली. तिले बरं वाटलं. कोणाले तरी शरम आली म्हणायची. कोणी केलं, हे तिनं ईचारलं नाही.

मंग पोस्टर आलं. राखीनं ते वाढदिवसाचे फ्लेक्स छापणाऱ्याकडं टाकलं होतं, त्यानं आपल्या सवयीनं छापलं. वर अध्यक्षाचा हात जोडलेला फोटो. मधात अविनाश, पांढरा कोट, डोळ्याले काळा गॉगल. खाली शुभेच्छुकाईची रांग. अन् अगदी तळाशी, पाह्यणाऱ्याले वाकावं लागंल असं, "विशेष सहकार्य: महामाया."

बादलीच्या वासानं उलटी आली नव्हती, ती ह्या पोस्टरसमोर येऊ लागली. कारण जिंकणाऱ्या टीममधल्या ज्यानं जनुकाचं काम केलं, त्याले पुण्याची एक मोठी प्रयोगशाळा वर्षभर शिकाले घेणार होती. तिले तेच पाह्यजे होतं. दुसरं काहीच नाही.

पुण्याले जाताना गाडी वाटेत दुसरबीड गावाले चहाले थांबली. सरनं तिच्यापुढं भज्याचा कागद सरकवला अन् हळू आवाजात समजावलं, का अविनाशचं नाव वर राह्यलं त तिचं काय बिघडते. वेळ आली त तिचं नाव ते स्वतः घेतील, चांगलं मोठ्यानं घेतील. तिनं हातातलं भजं परत कागदावर ठेवलं.

पुण्यातल्या परीक्षक बाई पिकल्या केसाच्या. हातात पेन, बोलणं थोडं. अविनाशनं पाठ केलेलं धडाधडा म्हणून दाखवलं. बाईनं मान हलवली. लाल ठिपके भिंगाखाली पाह्यले, परत पाह्यले, अन् पहिल्यांदा हसल्या.

"सुंदर आहे हे. आता सांगा, वापरून झालेल्या जिवंत जंतूंचं तुम्ही काय करता? ते काम कुणाकडे आहे?"

राखीचा हात आपोआप नाकाकडं गेला. गोविंदानं भिंत शोधली. अन् सर पुढं सरकले.

"महामायाकडं, मॅडम. ते सगळं तीच पाहते. अन् जनुकाचं कामही पूर्ण तिचंच आहे. पोस्टरवर जरा छपाईची चूक झाली."

मोठ्यानंच म्हणाले. दुसरबीडचा शब्द पाळला.

"हो का?" बाईनं तिच्याकडं पाह्यलं. पेन कागदाले टेकलं. नुसती मान हलवायची होती, अन् ते वर्ष तिचं होतं.

महामायानं मान वळवली. "गोविंदा, ती बादली कोणी रिकामी केली बे?"

गोविंदा पायाच्या अंगठ्याशी बोलल्यावानी म्हणे, "तपासणीवाले येणार होते. सर म्हणे, लवकर मोकळी करा. मंग आमी तिघांनी... नालीत."

"उकडून?"

त्यानं नाहीची मान हलवली. अविनाश पहिल्यांदा मोबाइल सोडून तिच्या तोंडाकडं पाहून राह्यला होता. हात जोडल्यावानी पाहत होता, काकाच्या फोटोसारखाच.

महामाया बाईकडं वळली. "जनुकाचं काम माझं आहे, मॅडम. बादलीचं नाही. जंतू न मारता नालीत गेले."

बाईनं पेनाले टोपण लावलं.

"मग मला तुमचं काम बाजूला ठेवावं लागेल. सगळ्यांचंच. कळतंय ना तुला?"

"हो."

येताना दुसरबीडच्या पुढं राखी म्हणाली, "हो म्हणून टाकलं असतं त काय झालं असतं वं?"

दुसऱ्या दिवशी महामाया नालीवर गेली. नाली कॉलेजच्या मागून निघते अन् भाजीवाल्या विमलबाईच्या मेथीच्या वाफ्यापाशी जाते. महामायानं आधी जाऊन विमलबाईले सांगितलं, का मावशी, हे पाणी काही दिवस वाफ्याले देऊ नका.

"काऊन वं माय?"

सांगताना तिची मान खाली गेली. विमलबाईनं ऐकून घेतलं अन् नालीकडं पाहून थुंकली. तिच्याकडं पाहून नाही.

मंग महामायानं ब्लिचिंग पावडरचे चार डब्बे आणले. तीन डब्बे तिघांच्या टेबलावर ठेवले. चौथा घेऊन, पदराची गाठ मारतात तशी ओढणी कंबरेले बांधून, ती नालीत उतरली. पाव नाली घासली. जिथं आपला वाटा सरला, तिथं काठावर एक वीट उभी केली अन् हात धुऊन वर्गात गेली.

तेवढ्यात गावंडे सर कोण्या पाहुण्याले कॉलेज दाखवत तिकडून आले. ओली नाली पाह्यली, अन् कौतुकानं म्हणे, "आमची महामाया. हे सगळं तीच पाहते."

तीन डब्बे टेबलावर तसेच होते. हे मी ऐकलं तेव्हाची गोष्ट.

तुमचं त त्या बाजूनं जाणं होते. एक काम करा माझं. कॉलेजच्या मागून जा, नाकाले रुमाल लावून जा, पण जा. ती वीट अजून उभी असंल. तिच्या पुढची नाली कोणी धुतली का, तेवढं पाहून या अन् मले सांगा.