ऑल्विनला न आलेलं कोडं

माझा नवरा ऑल्विन वारला, त्यानंतरच्या वसंतात मी शनिवारचं इंग्रजी शब्दकोडं पुन्हा मोठ्याने वाचायला लागले. आमच्या घरची रीतच ती. उलट अर्थाचे शब्द माझे, सारख्या उच्चाराचे त्याचे. तो पियानो सुरात लावायचा, त्यामुळे कान त्याचा. ते शब्द कानावर पडल्याशिवाय सुटत नाहीत.

"ऐकायला अशक्त, असतो सात दिवसांचा," मी टोस्टला मार्मालेड लावत वाचलं.

"वीक," केटलीजवळच्या खुर्चीतून तो म्हणाला. "हे काय कोडं झालं?"

खुर्ची रिकामी होती. मी उत्तर लिहिलं.

आमची मुलगी हेस्टर मागे लागली होती, लडलो गावातलं हे घर विकून तिच्याकडे लीड्सला ये म्हणून. मी पुढे ढकलत होते, कारण आवाज याच स्वयंपाकघरात यायचा. तो इथे असेल, तर त्याला एकटं टाकून जाणं मला जमणार नव्हतं. नसेल, तर एका खुर्चीपायी मी मुलीला ताटकळत ठेवत होते. माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत झाली. शंका आली की चाचणी करायची, एवढंच मला येतं.

मी हेस्टरला फोन लावला. "बाबांच्या कामातलं एक कोडं घाल. मला येणार नाही, त्याला झोपेतही येईल, असं."

"आई, बरी आहेस ना तू?"

"घाल गं."

ती लहानपणी सुट्टीत त्याच्याबरोबर कामावर जायची. ती म्हणाली, "ऐकायला 'कामा'च्या उलट. पियानोच्या तारा ताणायच्या खुंट्या रुततात त्या फळीचं नाव."

"अक्षरं किती?"

"सांगितली तर हिशेब मांडत बसशील."

मी खुर्चीकडे तोंड करून ते मोठ्याने म्हटलं. माझ्या मनात 'प्ले' आलं. काम आणि खेळ.

"प्ले," तो लगेच म्हणाला, नेहमीच्याच खात्रीने.

मी तेच फोनवर सांगितलं.

"छे! रेस्ट. काम आणि आराम. फळीचं 'रेस्ट' डब्ल्यूपासून लिहितात, म्हणायला तेच. बाबा येता-जाता सांगायचे ना लोकांना, रेस्ट प्लँकला तडा गेला की पियानोत कोंबड्या पाळा!"

निकाल स्वच्छ होता. जन्मभर त्या फळीत खुंट्या पिळणारा माणूस इथे चुकला नसता. खुर्चीत जो होता, त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. मी जाईन तिथे तो येणार, मी विसरेन ते तोही विसरणार. मागच्या शनिवारी त्याला आमच्या पहिल्या कुत्रीचं नाव आठवलं नव्हतं. मला वाटलं होतं, दमला असेल.

"आई? आहेस का?"

"आहे. येते मी तुझ्याकडे. घर विकायला काढ."

"खरंच?"

"हो. पण रोज संध्याकाळी मला पियानोचे भाग शिकवायचे. नावांसकट, सगळे."

"या वयात? कशाला गं?"

"त्याला माहीत असायला हवेत," मी म्हणाले.