माझे गॅरंटी कार्ड कोरे होते

मित्रांनो, काडेपेटीहून थोडी मोठी अशी करड्या रंगाची डबी, तिला एक वायर आणि वायरीच्या टोकाला कानात घालायची गोळी, असे माझे रूप आहे. मी कानाचे यंत्र आहे, आता बरेच जुने झालेले. सावद्याच्या एका घरात कपाटाच्या खणात माझा मुक्काम असतो. पण एके काळी एका बाईंची बालवाडी माझ्या भरवशावर चालत होती.

माझा जन्म दूरच्या शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पाठीवर नंबर कोरला आणि माझ्यासोबत एक गॅरंटी कार्ड ठेवले. 'एका वर्षात बिघाड झाल्यास मोफत दुरुस्ती,' असे त्यावर छापलेले होते. खाली विक्रीची तारीख आणि शिक्का यांसाठी जागा सोडलेली होती. त्या दिवशी पार्सले बांधायची फार घाई होती. जागा तशीच कोरी राहिली.

मला मागवले होते सुंदरबाईंनी. त्या बालवाडीच्या शिक्षिका. पंचेचाळिशीतच त्यांचे कान जाऊ लागले होते. जळगावच्या डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितले, तेव्हा वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून त्यांनी कारखान्याला पत्र टाकले. १९८९ च्या जूनमध्ये पोस्टमन हारुनभाई मला व्ही.पी.ने, म्हणजे पैसे भरून सोडवायच्या टपालाने, घेऊन आले. पैसे आणि सही घेऊन त्यांनी मला बाईंच्या हाती दिले. बाईंनी माझ्यासाठी कापडाची छोटी पिशवी शिवली आणि मला गळ्यात घातले.

बालवाडीतला पहिला दिवस मी विसरणार नाही. बाई आधी दचकल्याच. "अरे, इतका ओरडा करता तुम्ही?" असे म्हणून हसल्या. मग त्यांना भागाचा आवाज आला. भागा चार वर्षांची. ती मुकी असावी असे बाईंना वाटत होते. ती हळूच म्हणाली, "बाई, पाणी." ती रोज असेच पाणी मागत होती. बाईंनी तिला जवळ घेतले आणि बराच वेळ सोडले नाही.

पाच महिने असे सुखात गेले. नोव्हेंबरात माझ्यात खरखर सुरू झाली आणि एका सकाळी मी मुके झाले. सेल बदलले, वायर पुसली, काही उपयोग झाला नाही. बाईंनी पंचांगात जपून ठेवलेले कार्ड काढले आणि त्याच्यासह मला कारखान्याकडे पाठवले. तीन आठवड्यांनी मी जसे गेले तसे परत आले. सोबत पत्र होते: 'कार्डावर तारीख व शिक्का नाही. खरेदीचा पुरावा नसल्याने गॅरंटी लागू होत नाही.' पुरावा म्हणजे बिल. ते पार्सलच्या कागदांसोबत केव्हाच चुलीत गेले होते. कार्ड जपले, पण ते कोरे आहे हे बाईंनी पाहिलेच नव्हते.

बालवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविका आधीच म्हणाल्या होत्या, "तुम्हाला ऐकू येत नसेल, तर मुलं तुमच्यावर सोपवता येणार नाहीत." त्या भीतीने बाई बंद पडलेले यंत्र गळ्यात घालून फिरू लागल्या. ओठांकडे पाहून मान डोलवायच्या. त्यांच्या छातीवर मी नुसतेच लोंबकळत होते. मित्रांनो, तेवढी लाज मला कधी वाटली नाही.

एके दिवशी एक मूल बालवाडीच्या मागे पडले आणि रडत राहिले. बाई पाठमोऱ्या बसून चित्रे दाखवत होत्या. भागाने पदर ओढला तेव्हा त्यांना कळले. मुलाच्या गुडघ्याला खरचटले होते, एवढेच. पण त्या दिवशी बाईंनी मला गळ्यातून काढले. मुलांना न्यायला आलेल्या आयांसमोर आणि मग मुख्यसेविकांसमोर त्यांनी खरे सांगून टाकले. मुख्यसेविकांनी यंत्र दुरुस्त करून घ्यायला मार्चपर्यंतची मुदत दिली. भागाची आई ताईबाई पाटीवर लिहायला लागली, मग पाटी ठेवून हातांनीच खुणा करीत मोठ्याने म्हणाली, "बाई, तुम्ही शिकवा. आयकाचं काम माह्याकडे." दुसऱ्या दिवसापासून ती दारात येऊन बसू लागली.

याच सुमारास बाईंचे चुलतदीर झिपरूभाऊ जळगावहून आले. त्यांचे तिथे रेडिओचे दुकान होते. सगळी हकिगत कळल्यावर त्यांनी पाटीवर लिहिले, 'कार्ड द्या वहिनी. माझ्या दुकानाचा शिक्का मारतो. तारीख म्हणाल ती टाकतो.'

माणूस वाईट नव्हता. वहिनीचे हाल त्याला पाहवत नव्हते. बाईंनी कार्ड पुढे केले. मग हात तसाच थांबला.

"भाऊ, मी हे तुमच्या दुकानातून घेतलं का?"

'कागदाला काय कळतं?' झिपरूभाऊंनी लिहिले.

"मशीन खरं आहे. बिघाडही खरा आहे," बाई म्हणाल्या. "मग कागदच खोटा कशाला?" आणि त्यांनी कार्ड परत पंचांगात ठेवले.

दुसऱ्या दिवशी हारुनभाई टपाल घेऊन आले. बाईंनी विचारले, "मशीन कधी आणून दिलंत, आठवतं का?" हारुनभाईंनी मान डोलावली आणि पाटीवर सावकाश लिहिले, 'आठवतं. पण माझ्या आठवणीवर शिक्का नसतो. पोस्टात चला. रजिस्टरात तुमची सही आहे.'

पोस्टमास्तरांनी आधी कुरकुर केली, मग अर्ज घेतला आणि दाखला लिहून दिला. पार्सल कोणी पाठवले, कोणाला मिळाले, कोणत्या तारखेला, सारे त्यात होते. बाईंनी त्या दाखल्यासोबत पत्र लिहिले: 'यंत्राच्या पाठीवर नंबर आहे. तो नंबर तुम्ही कोणाला पाठवलात, हे तुमच्याच वहीत पाहावे. ग्राहकांसाठी आता कायदा झाला आहे. उत्तर आले नाही तर मला दाद मागावी लागेल.' कोरे कार्ड सोबत घेऊन मी पुन्हा प्रवासाला निघाले.

कारखान्यात एका माणसाने जुनी वही काढली. माझा नंबर सापडला. पुढे लिहिलेले होते: सावदा, टपालाने, जून. जळगावच्या दुकानाचा शिक्का कार्डावर असता, तर त्या क्षणी बाई खोट्या ठरल्या असत्या आणि खरी तक्रारही त्यासोबत बुडाली असती.

माझ्या आतला एक भाग बदलला गेला. फेब्रुवारीच्या शेवटी मी घरी आले. कार्डावर तारीख होती, शिक्का होता, आणि पत्रात एक ओळ होती: 'कार्ड न भरता पाठवले, ही चूक आमची.' बाईंनी मला कानाला लावले. ताईबाई मात्र त्यानंतरही दारात येत राहिली. आता तिला सवय झाली होती म्हणे.

पुढे आठ वर्षे मी काम केले. मग माझ्यासाठी सुटे भाग मिळेनासे झाले. मित्रांनो, वस्तू नवी असते तेव्हा आपण तिच्याकडेच पाहत राहतो. सोबतच्या कागदाकडेही एकदा पाहा. तारीख आहे का, शिक्का आहे का, नंबर जुळतो का, हे त्याच दिवशी पाहा आणि बिल जपून ठेवा. वस्तू बिचारी स्वतःची बाजू मांडू शकत नाही.

कानामागे बसणारे नवे यंत्र घ्यायला बाई जळगावला गेल्या, तेव्हा मी त्यांच्या पिशवीत होते. दुकानदाराने डबा बांधून पुढे केला. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी डबा उघडला, कार्ड काढले आणि त्याच्यासमोर ठेवले.

"तारीख घाला. शिक्का मारा. नंबरही लिहा."

गर्दी होती. दुकानदार वैतागला. "बाई, आमच्यावर विश्वास नाही का?"

"आहे ना," सुंदरबाई म्हणाल्या. "म्हणूनच लिहून मागते. विश्वास नसता, तर घेतलंच नसतं."