हवेला वाट न मिळालेली बाटली

शांतपणे आपली हकिकत सांगणाऱ्या बाटल्या वेगळ्या, मित्रांनो. मी दुधाची जुनी बाटली असले, तरी त्या दिवसांची आठवण निघाली की अजून माझ्या जिवाची घालमेल होते.

कारखान्यात मला साच्यातून काढलं आणि अंगावर मापाच्या रेषा छापल्या. माझं खरं वैभव मात्र निपलच्या कडेला होतं. तिथे रबरात एक इवलीशी फट होती, तिला झडप म्हणतात. बाळ दूध ओढू लागलं की या फटीतून बाहेरची हवा मी आत घेते. मग निपल चपटं होत नाही, दूध सलग येतं आणि बाळाच्या पोटात हवा कमी जाते. थोडक्यात, बाळाच्या वाटची हवा मी गिळते. तपासणाऱ्या बाईंनी मला दिव्यासमोर धरून "छान!" म्हटलं, तेव्हा मी कोण फुशारले होते.

मी ज्या घरात आले तिथे पिटुकली होती. पोर एवढीशी, पण आवाज असा की शेजारी खिडक्या लावून घेत. दूध पिऊन झालं की तिचं पोट डब्ब व्हायचं, पाय पोटाशी यायचे आणि रडं सुरू. डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलं होतं, "बाळ ठणठणीत आहे. दुधाबरोबर हवा गिळतंय. झडपेची बाटली वापरून बघा." आईला अंगावरचं दूध पुरत नव्हतं. "बाटलीचं दूध, आणखी काय होणार!" असं शेजारीण बोलून गेली होती आणि ते आईच्या मनाला लागलं होतं. त्यामुळे ती माझ्याकडे फार आशेने बघायची. मलाही कधी एकदा कामाला लागते असं झालं होतं.

पण माझी गाठ पडली बाबाशी. हा बाबा प्लंबर. आपण बसवलेला नळ कधी ठिबकत नाही, हे तो कुणी न विचारता सांगायचा. दूध भरलं की तो माझी रिंग अशी आवळायचा की माझे आटे करकरायचे. "एक थेंब गळणार नाही!" आईलाही त्याने तसंच शिकवलं होतं. झालं! रबर दाबलं जायचं, फट मिटायची, माझा श्वास कोंडायचा. पिटुकली ओढायची, निपल चपटं व्हायचं, ती चिडून तोंड सोडायची आणि हवेचा घोट घेऊन पुन्हा धरायची. मी आतल्या आत तडफडायचे. ओरडावं, तर मला आवाज कुठला?

"हीसुद्धा तसलीच निघाली," आई एकदा म्हणाली. "पण बाटलीचा काय दोष? माझंच काहीतरी चुकतंय." चोर सोडून संन्याशाला फाशी! मला ते ऐकवेना.

मग आत्या राहायला आली. तिचं मनगट मुरगळलेलं, म्हणून तिने रिंग जेमतेम फिरवली, पिटुकलीला जरा उभं धरलं आणि पाजू लागली. मला श्वास मिळाला! दुधातून बारीक बुडबुडे सरसर वर गेले. पिटुकली न थांबता प्याली, खांद्यावर दणदणीत ढेकर दिला आणि झोपली.

"ताईच्या हाताला गुण आहे," बाबा तोंड पाडून म्हणाला. आत्याची मान ताठ झाली. अरे, हात कसला बघता, रिंग बघा रिंग! आत्या आता जायला निघणार होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

निघायच्या दिवशी तिने पिटुकलीला शेवटचं पाजायला घेतलं, तर बाबा जवळ येऊन निरखू लागला. "हे बुडबुडे बघ, ताई. रिंग ढिली आहे. दे, आवळतो." त्याचा हात माझ्या गळ्याकडे आला.

"थांबा!" आई म्हणाली. "आपण भरतो तेव्हा हे बुडबुडे येत नाहीत."

"येतीलच कसे? मी आवळतो ना!"

"हो. आणि पोरगी रडते."

बाबाचा हात तिथेच राहिला. आत्याने विचारलं, "काय रे, टाकीला हवेची नळी कशाला बसवतोस?"

"हवा आत शिरली नाही, तर पाणी नीट..." बोलता बोलता बाबाने हात मागे घेतला.

त्या संध्याकाळी आईने मला स्वतः भरलं. रिंग दोन बोटांनी फिरवली, उलटं करून गळत नाही ना ते पाहिलं आणि पिटुकलीला पाजलं. पिटुकली पोटभर प्याली आणि तिच्या खांद्यावर गाढ झोपली. आईला रडू फुटलं. "माझं काही चुकत नव्हतं," ती म्हणाली.

"नाही गं. माझं चुकत होतं," बाबा म्हणाला.

मित्रांनो, आता माझं रबर कडक झालंय, दुधाच्या कामाची मी राहिले नाही. पण तुमच्या घरी बाटलीने दूध पिणारं बाळ असेल, तर झडप धुऊन मोकळी ठेवा आणि रिंग बेताने लावा. बाळ रडलं की उठल्यासुटल्या त्याच्या आईला बोल लावू नका. लावायचाच असेल तर मला लावा. मला सवय आहे.