ठिपक्याएवढी आई

"हात खाली घे," दादा दबक्या आवाजात म्हणाला. "व्याख्यान तर संपू दे."

"संपलं की सगळे चहाकडे पळतील. मग मला उत्तर कोण देणार?" चिमीने हात खाली घेतला, पण मांडीवर तयारीतच ठेवला.

चिमी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे. इस्पितळाच्या धुलाईघरात जन्मभर चादरींच्या घड्या घालून ती निवृत्त झाली होती आणि आता जिना चढताना तिचे गुडघे बोलत. दादा तिचा थोरला भाऊ, गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा. शहरातली निम्मी स्वयंपाकघरं त्याला आतून ठाऊक होती. बर्नर घासता घासता तो प्रत्येक घरात एकदा तरी सांगायचाच, "संग्रहालयात आमच्या आईचं चित्र आहे, वेळ काढून बघून या." त्याच्या माघारी लोक हसत असतील तर तो त्यांचा प्रश्न.

ते चित्र आज संग्रहालयाच्या सभागृहात समोरच होतं, व्याख्यान देणाऱ्या वक्त्याबाईंच्या डाव्या हाताला. नदी, पलीकडे झाडं आणि काठावरच्या सगळ्या हिरव्यात एक लाल ठिपका. जवळून पाहिलं तर नुसता रंगाचा गोळा. चार पावलं मागे सरकलं की लाल शाल घेतलेली, कपडे धुवायला वाकलेली बाई.

चिमीला जन्म देताना आई गेली. तिचा फोटो कोणी कधी काढलाच नव्हता. पुढे चिमी शाळेत जाऊ लागली, तेव्हा सांभाळणारी मावशी एकदा रागाच्या भरात बोलून गेली, "आल्या आल्या आईला गिळलीस, आता माझा जीव खा." पोरीने अन्नच सोडलं. घास तोंडाशी नेला की रडू फुटायचं. मावशी घाबरली, वडील हातापाया पडायचे बाकी राहिले, पण पोर तोंड उघडेना. तेव्हा दादा, जो स्वतःच अजून अर्ध्या चड्डीत होता, तिला हाताला धरून इथे घेऊन आला. शाळेच्या सहलीत त्याने हे चित्र पाहिलं होतं आणि हा चित्रकार आपल्याच काठावर छत्री रोवून बसायचा, एवढं वडिलांकडून ऐकलं होतं. "ती बघ आई," त्याने बोट दाखवलं. "तू कुठे गिळलीस? ही काय इथे आहे!" त्या दिवशी चिमीने दोनदा वाढून घेतलं.

ते खरं होतं का, हे दादाला तेव्हाही माहीत नव्हतं. पण थाप जुनी झाली की मुरते. दर वाढदिवसाला चिमी इथे यायची आणि दादा तिला नवीन काहीतरी सांगायचा. आई कशी गुणगुणायची, हाक मारली की कशी मान वळवून हसायची. सांगता सांगता त्याला ते दिसू लागलं. थाप संपून आठवण कधी सुरू झाली, त्याचं त्यालाच कळलं नाही.

वक्त्याबाई छान बोलत होत्या. "याला दृक्प्रत्ययवाद म्हणतात," त्या म्हणाल्या. "वस्तू नाही रंगवायची, तिच्यावर त्या क्षणी पडलेला उजेड रंगवायचा."

"एवढा लांब शब्द तोंडातून निघेस्तोवर ऊन सरकायचं," चिमी पुटपुटली. ती आज खुशीत होती. पाटीवर 'नदीकाठ' एवढंच लिहिलेलं तिला कायम खुपायचं. त्या बाईला नाव नको का? शिकल्यासवरल्या कोणीतरी चारचौघांत म्हणावं की ती बाई खरी होती, तिची तेवढी एकच इच्छा होती. दादा मात्र सकाळपासून घरीच राहू म्हणत होता.

प्रश्न विचारा म्हटल्याबरोबर चिमी उभीच राहिली. "त्या लाल शालवाल्या बाईचं नाव कुठे मिळेल का हो? आमची आई आहे ती."

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. वक्त्याबाईंचा चेहरा उजळला. "किती सुंदर प्रश्न! पण गंमत म्हणजे तिथे कोणीच नाहीये." त्यांनी पडद्यावर एकामागून एक चित्रं दाखवली. शेत, लाल ठिपका. पूल, लाल ठिपका. धुक्यातली टेकडी, तिथेही लाल ठिपका. "लाल शेजारी असला की हिरवा जास्त हिरवा दिसतो. हा ठिपका चित्रकार सगळ्यात शेवटी, घरी बसून लावायचा. त्याला तो 'मीठ' म्हणायचा. झालं चित्र, आता मीठ टाकतो!"

लोक हसले. चिमीही हसली, सगळ्यांच्या मागून, आणि खाली बसली. त्यात वक्त्याबाईंचा काही दोष नव्हता. त्या प्रेमाने बोलल्या होत्या आणि खरं बोलल्या होत्या. भांडायलासुद्धा कोणी नव्हतं.

चहा न घेताच दोघं बाहेर आले. बसथांब्यावरच्या बाकावर टेकल्यावर चिमी म्हणाली, "असू दे. त्या ठिपक्यात ती नसेना का. तू तर खरी पाहिलीयस तिला. पाच वर्षांचा होतास की. सांग, कशी होती? सावळी होती का?"

दादाने तोंड उघडलं. पण आईचा चेहरा आठवायला जावं तर समोर लाल रंगच येई. गुणगुणणं त्या चित्रासमोर उभं राहून रचलेलं. मान वळवून हसणंही तसंच. त्याच्या आधी काय होतं? तिने भरवलं असेल, न्हाऊ घातलं असेल, रागावलीही असेल. त्यातलं काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं.

"आठवत नाही गं."

"आवाज तरी?"

"नाही."

"अरे, असं कसं?"

"मी त्या चित्रालाच बघत राहिलो, चिमे. खरी आई कुठे गेली, कळलंच नाही."

चिमीने नजर रस्त्याकडे वळवली. मग म्हणाली, "आयुष्यभर तुझा हेवा केला मी. वाटायचं, तुझ्यापाशी तरी आहे ती."

दादाचे खांदे हलायला लागले. इतक्या वर्षांत त्याला रडताना तिने पाहिलं नव्हतं. मग चादरींच्या घड्या घालून राठ झालेला तळवा तिने त्याच्या पाठीवरून फिरवला. "उगी," ती म्हणाली. "उगी, उगी."

हा शब्द त्याला कोणी म्हटल्याचं दादाला आठवत नव्हतं. पण त्या पाच वर्षांत कधीतरी, एकदा तरी, कोणीतरी म्हटलाच असणार. डोळे घट्ट मिटून दादा तो आवाज शोधत राहिला.